किरकोळ जुनी दुरुस्ती

लॉट क्रमांक एकतीस.
'अनोळखी स्त्री. कॅनव्हासवर तैलरंग. अंदाजे १९०५.
चित्रकार अज्ञात. चौकट नंतरची.
किरकोळ जुनी दुरुस्ती.'

त्या शेवटच्या ओळीत मी आहे.
मोरेश्वर रिसबूड, दांडिया बाजार, दुसरा मजला,
एवढं काही तिथे मावलं नसतं.

अलकापुरीतल्या हॉटेलात एसी असा,
की शिसवी खुर्च्यांनाही हुडहुडी भरावी.
मी मागच्या रांगेत. पुढे रेशमी सदरे, कानाला लावलेले फोन,
आणि टेबलामागे उभा तो चुणचुणीत मुलगा
जो लाखाला नुसतं 'एक' म्हणतो.

त्र्याऐंशी साली छबीलदासने तिला सायकलवरून आणली,
शुक्रवारी बाजारातून, गोणपाटात गुंडाळून.
विश्वामित्रीचं पाणी कुणाच्या तरी तळघरात शिरलेलं
आणि ही आठवडाभर गाळात पालथी.
साडी वाचली होती. नथ वाचली होती.
मोगऱ्याची वेणी तर अशी, की वास यावा.
डावा डोळा मात्र नव्हता.
तिथे रुपयाएवढं भोक, आणि भोकातून
माझ्या खोलीची भिंत दिसायची.

"काणीने कोण लेशे, रिसबूड?" छबीलदास म्हणाला
आणि शनिवारचा वायदा घालून गेला.

मेण, राळ, मागून जुन्या धोतराची पट्टी.
सरस उकळला की घरमालकीण खालून ओरडायची.
उजव्यावरून डावा काढता येतो असं शिकवतात.
खोटं आहे. डोळे जुळे नसतात,
फार तर सख्खे.
तीन दिवस झटलो. प्रत्येक वेळी मेलेला निघायचा.
चौथ्या रात्री दाढीचा आरसा खिळ्याला टांगला
आणि माझा उजवा तिचा डावा झाला.
पापण्या वाढवल्या, काजळ घातलं,
सुईने भेगा ओढल्या, भेगांत कंदिलाची काजळी चोळली,
पहाटेपर्यंत त्या जागेचं वय ऐंशीवर नेलं.
मजुरी साठ रुपये. वर अर्धा चहा.

मुंबईहून आलेल्या तज्ज्ञ बाई,
पांढरे हातमोजे, बोटभर बॅटरी.
"उजवा डोळा सरावाच्या हाताचा आहे," त्या म्हणाल्या,
"शिकलेल्या. चांगला.
पण डावा पाहा.
त्यात ती आपल्याला बघत नाही, स्वतःला बघतेय.
हे धाडस त्या काळी कोण करत होतं?"

मला ठसका लागला.
शेजारच्याने खोकल्याची गोळी दिली.

दोन. दोन वीस. अडीच. खांबाजवळून दोन ऐंशी.
फोनवरून तीन चाळीस.
मग हातोडा, लाकडावर लाकूड,
भाडेकरूच्या दारावर टकटक करावी तेवढाच आवाज.
टाळ्या नाहीत.
लॉट बत्तीस, चांदीचं अत्तरदान, झाकण जोडीचं नाही.

उठून सांगायला हवं होतं का?
काय सांगणार, 'ती मी आहे, एक चतुर्थांश'?
साठ रुपयांत विकलेल्या वस्तूवर
माणसाचा हक्क किती दिवस राहतो,
ते छबीलदासला विचारलं असतं, असता तर.

मागच्या दारी दोन पोरं तिला
फुगेवाल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळत होती.
"काका, जरा कोपरा धरा ने."
धरला.
चिकटपट्टी चरचरत कपाळावरून खाली आली,
उजवा डोळा झाकला, त्याचं काही नाही.
डाव्यावर आली
तेव्हा माझी पापणी लवली.

माझ्या उजव्यात मोतीबिंदू पिकलाय.
पोरांचे हात मला दुधात बुडाल्यासारखे दिसत होते.
तिचा अजून चौतिशीतला,
लखलखीत,
आणि कुठल्या गावी चाललाय ते पावतीवरही नाही.

"सांभाळून," मी म्हटलं, "वार्निश पातळ आहे तिथे."
"कुठे?" पोराने विचारलं.
मी बोट माझ्याच डोळ्याला लावलं.